सुकलूच्या डोक्याचं माप

पोंभुर्ण्याहून आठ किलोमीटर आत, सागाच्या जंगलाला टेकून एक गाव आहे. तिथे सुकलू कन्नाके चाळीस वर्षं बैलगाडीची चाकं बनवत आला. घराणं गोंडांचं, सुतारकाम काही त्यांचं पिढीजात नव्हे. पण त्याचा थोरला चुलतभाऊ लहानू तरुणपणी चांद्याला एका वाढ्याकडे, म्हणजे सुताराकडे राहिला, सुतारकी शिकून आला आणि मग त्यानं सुकलूला शिकवलं. शिकवलं म्हणजे पहिली दोन वर्षं फक्त चाकाचे आरे तासायला लावले. तासलेला आरा लहानू एक डोळा मिटून पाही आणि काही न बोलता चुलीकडे फेकी. सुकलूच्या आऱ्यांवर लहानूच्या घरी दोन पावसाळे भात शिजला. तिसऱ्या वर्षी एक आरा लहानूनं फेकला नाही. बाजूला ठेवला आणि म्हणाला, "असेच अजून अकरा आन."

पुढे रबरी टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले. चाकांचं काम वर्षाला सहा-सात जोड्यांवर आलं. सुकलू नांगर, वखर, खाटा, दाराच्या चौकटी करू लागला. दिवसाला आठ तास, मधे एकदा जेवण. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ निघाली. नागपूरला ते मूत्रपिंड काढलं. डॉक्टरांनी तीन महिने जड काम बंद सांगितलं होतं. सुकलू तीन महिने भरले त्याच दिवशी घराच्या ओट्यावर कामाला बसला, एक दिवस आधी नाही आणि एक दिवस नंतरही नाही.

यंदा जानेवारीच्या शेवटी लाकूड तासता तासता त्याच्या उजव्या हातातून वाकस निसटला. त्याला वाटलं, हाताला घाम असेल. चार दिवसांनी पुन्हा निसटला आणि पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत रुतला. तिसऱ्या वेळी त्यानं वाकस नीट पाहिला. दांडा घट्ट होता. पातं घट्ट होतं. मग त्यानं आपला हात पाहिला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं सांगितलेलं ऐकत नव्हती.

"सदऱ्याची गुंडीही तुमाले लावता येऊन नाई राह्यली," त्याची बायको सुकरी म्हणाली. "मी आठ दिसांपासून पाहून राह्यली."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं आयकलं असतं?"

त्यांची मुलगी दीपाली पोंभुर्ण्याला अंगणवाडीत काम करते. ती दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन नागपूरला गेली. डोक्याचा एमआरआय झाला. मूत्रपिंडाचा रोग मेंदूत जाऊन बसला होता. दोन ठिकाणी.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर फोटो लावला आणि पेनानं जागा दाखवल्या. सुकलू खुर्ची पुढे ओढून बसला.

"किती जाडीची आहे?" त्यानं विचारलं.

"ही अकरा मिलिमीटर. मागची सहा."

"म्हणजे एक भिजवलेला चना अन् एक तुरीचा दाना."

"बरोबर. मागच्या गाठीची मला काळजी कमी आहे. ही पुढची मात्र उजव्या हाताच्या जागेला चिकटून बसली आहे. मेंदूचा हा पट्टा हाताला हुकूम देतो."

"मंग हात जाईन का?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही. सुकलूला ते आवडलं. पटकन उत्तर देणाऱ्यावर त्याचा भरवसा नसे.

"डोकं उघडायचं नाही," बाई म्हणाल्या. "बाहेरूनच किरण सोडायचे. खूप दिशांनी, बारीक बारीक. एकेक किरण इतका कमजोर, की वाटेत कुणाला काही करत नाही. पण सगळे जिथे एकत्र येतात तिथे गाठ जळते. हे एकदाच करायचं, तासाभराचं काम. किरण गाठीवर बसले तर हात वाचण्याची आशा चांगली आहे. दोन मिलिमीटर सरकले तर एका बाजूला गाठीचा काठ सुटेल आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हाताची जागा भाजेल."

"मशीन चुकते का दोन मिलिमीटर?"

"मशीन नाही चुकत. माणूस हलतो."

माणूस हलू नये म्हणून मास्क होता. तो बनवायचं काम नबील नावाच्या टेक्निशियनकडे होतं. वरोऱ्याचा पोरगा, वय तीसच्या आत, बोलका. नाव-गाव विचारताना त्याला सुकलूचा धंदा कळला तेव्हा तो हसला.

"माझे अब्बा बाबूभाई वरोऱ्यात सायकलीची दुकान चालवतात. वाकडी चाकं सरळ करायची. म्हणजे आपण एकाच बिरादरीचे, भाऊ."

"सायकलचं चाक सोपं असते, पोरा. तारा आवळल्या का झालं."

"हे अब्बांसमोर नका बोलू. जेवायला नाही देणार."

नबीलनं गरम पाण्याच्या टबातून जाळीदार पांढरं पान काढलं. ते ओल्या चामड्यासारखं लिबलिबीत झालं होतं. सुकलूचे केस मानेपर्यंत होते. दाट, पांढरे-काळे, सुकरीच्या हातच्या तेलाचे.

"केस बहुत आहेत, भाऊ. थोडे कमी केले तर मास्क चांगला बसेल."

"राहू द्या जी. विसाव्या वर्षापासून असेच आहेत."

नबीलनं जोर केला नाही. त्यानं केस ओले करून दाबून बसवले आणि गरम पान चेहऱ्यावर ताणून खालच्या फळीला अडकवलं. पान निवू लागलं तसं ते आवळत गेलं. कपाळ, गालाची हाडं, हनुवटी, सगळं त्यानं घट्ट धरलं. सुकलूला हे ओळखीचं वाटलं. लाकडाच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तेव्हा असंच होतं. धाव चाकापेक्षा मापानं किंचित लहान करायची, लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर बसवायची आणि पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि बारा आरे एका जागी धरून ठेवतं. मास्क निघाल्यावर त्यानं हे नबीलला सांगितलं.

"एकदम तेच," नबील म्हणाला. "आता हा मास्क फक्त तुमच्या डोक्याचा. याच्यावर सगळा हिशोब बसवायचा. म्हणून दाढी अशीच ठेवा. आणि केस कापू नका, बरं का."

सुकलूनं मान हलवली. तो गुरुवार होता. तारीख पुढच्या बुधवारची मिळाली.

शनिवारी लहानू गेला. पंचाहत्तरी उलटली होती, सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेला. त्यांच्या कुळात वडीलधारा गेला की तिसऱ्या दिवशी कुळातले पुरुष नाल्यावर बसून डोकं भादरतात. सोमवारी सगळे एका ओळीत बसले. पातं लहानूच्या मुलाच्या, रोशनच्या हातात होतं. काकाजवळ आल्यावर तो थांबला.

"काका, तुमचं राहू द्या. तब्येत अशी आहे. कोनी नाव नाई ठेवनार."

"कर," सुकलू म्हणाला.

दीपाली बायकांतून उठून पुढे आली. "बाबा, नबीलदादानं केस कापू नका म्हटलं होतं."

"ते कटिंगचं म्हनत होते, माय. शौकाचं. हे शौकाचं नोहे."

"एक डाव फोन करून इचारू तरी."

तिनं मोबाइल काढला. नाल्यावर रेंज नव्हती. ती चढ चढून रस्त्याकडे निघाली. सुकलू रोशनला म्हणाला, "जी मशीन हाडातून पार पाहते, तिले केसाचं का होते? त्यानं मले चाक शिकवलं. कर तू."

दीपालीला रस्त्यावर रेंज मिळाली तेव्हा फोन कुणी उचलला नाही. ती परत आली तोवर सुकलूचं डोकं गुळगुळीत झालं होतं. चाळीस वर्षांत सुकलूनं मापाच्या बाबतीत केलेली ही सगळ्यांत मोठी चूक. ती त्यानं डोळे उघडे ठेवून केली, आणि त्याला तेव्हा ती चूक वाटलीही नाही.

बुधवारी नबीलनं त्याला पाहिलं आणि हातातला कागद टेबलावर ठेवला.

"भाऊ! हे काय केलं?"

"भाऊ गेला माहा."

नबीलनं मास्क उचलला. मग म्हणाला, "बसवून पाहू."

मशीनच्या टेबलावर सुकलूला झोपवलं. मास्क चढवला, चारी बाजूंनी खटके बसवले. डाव्या हातात एक रबरी फुगा दिला. काही झालं तर तो दाबायचा. मशीन डोक्याभोवती एक फेरी फिरली. टेबल केसभर इकडे, केसभर तिकडे सरकलं. मग छतातल्या स्पीकरमधून नबीलचा आवाज आला. त्यात सुटल्यासारखा आनंद होता.

"जुळलं, भाऊ! अर्ध्या मिलिमीटरच्या आत. डॉक्टरबाई वरून येत आहेत. त्यांनी पाहून हो म्हटलं की सुरू."

सुकलू पडून राहिला. खोली थंड होती. आणि त्याच्या कपाळावर, कानांच्या मागे, मास्क आणि कातडीच्या मधे थंड हवा होती. गुरुवारी तिथे हवा नव्हती. त्यानं हनुवटी उजवीकडे वळवून पाहिली, अगदी तांदळाच्या दाण्याइतकी. ती वळली. परत आणली. आली.

त्याला सगळं एकदम कळलं. धावेचं माप घेतल्यावर चाक तासायचं नसतं. हे लहानूनं त्याला पहिल्या पावसाळ्यात शिकवलं होतं, आणि लहानूसाठीच तो ते विसरला होता. फोटो जुळला होता कारण फोटोच्या वेळी तो हलला नव्हता. पुढच्या तासाभरात खोकला आला, गिळताना मान ओढली गेली, तर धावेच्या आत चाक फिरणार.

फुगा दाबला तर मशीन थांबणार. पुन्हा मास्क, पुन्हा हिशोब. मागच्या वेळी त्याला सहा दिवस लागले होते, आणि त्या सहा दिवसांत हात आणखी उतरला होता. सोमवारपासून त्याला घास धरता येत नव्हता. डाव्या हातात चमचा घेऊन तो जेवत होता. बाहेर बाकावर अकरा माणसं आपल्या पाळीची वाट पाहत बसली होती. त्यानं येताना मोजली होती. आणि चूक त्याचीच होती, ती सगळ्यांसमोर सांगावी लागणार होती. न सांगितलं तर कदाचित निभावूनही जाईल. फोटो तर जुळलाच आहे.

पण 'कदाचित' वर त्यानं कधी कुणाला चाक दिलं नव्हतं.

त्यानं फुगा दाबला.

नबील धावत आला. "काय झालं? दुखतंय?"

"ढिला आहे," सुकलू मास्कमधून कसाबसा बोलला.

"पण फोटो जुळला ना, भाऊ."

"जुळला असन. मले हालता येते."

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि सुकलूला म्हणाल्या, "मघाशी हलवली तितकीच मान हलवा. आणि तशीच ठेवा."

सगळे बाहेर गेले. मशीननं दुसरी फेरी मारली. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता.

"दोन पूर्णांक तीन मिलिमीटर. नबील, यांना उठवा."

मास्क निघाला. सुकलू टेबलावर उठून बसला.

"केस कापू नका असं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगतलं होतं. मी त्याचा मतलब माह्या मनानं लावला. माही चूक आहे, बाई. याची नाई."

बाईंचा आवाज उतरला. "आता मास्क कशासाठी असतो ते तुम्हाला मी समजावून सांगत नाही. तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळलं. आजच नवा मास्क, आजच नवा एमआरआय. आम्ही उद्या बसून नवा हिशोब करू. परवा सकाळी आठला या. आणि तोवर डोक्याला हात लावू नका."

"कंगवाही नाई लावत," सुकलू म्हणाला. नबील तोंड फिरवून हसला.

नवा मास्क गुळगुळीत डोक्यावर असा बसला, की नबीलनं दोन बोटांनी सगळीकडून दाबून पाहिलं तरी पोकळ जागा सापडली नाही. सुकलूनं सांगितलं, "कानाच्या मांगं दाब अजून." नबीलनं दाबलं. तिथे खरंच दाबायची गरज होती. निवायला लागणारी दहा मिनिटं झाल्यावर सुकलू म्हणाला, "अजून दोन मिनिटं राहू दे." नबीलनं पाच राहू दिलं.

"पहिल्याच दिवशी म्हटलं होतं मी, केस कमी करा," तो खटके काढता काढता म्हणाला.

"म्हटलं होतं. मी आयकलं नाई. माहा भाऊ असता तं मले चुलीत फेकलं असतं."

बाहेर सुकरी दीपालीला सांगत होती, "चाळीस वर्षं तेल लावलं मी त्या केसायले. अन् या मशीनले टक्कल आवडते म्हने."

नव्या एमआरआयमध्ये हाताजवळची गाठ साडेबारा मिलिमीटर निघाली. जुना फोटो बारा दिवसांचा होता. तेवढ्यात ती वाढली होती, आणि नेमकी मागच्या अंगाला. डॉक्टरबाईंनी गुरुवारी फोनवर दीपालीला ते सांगितलं. हिशोब नव्या मापावर केला आहे, जुन्या मापावर केला असता तर मागचा काठ सुटला असता, असंही सांगितलं.

नागपुरात ते दीपालीच्या एका मैत्रिणीकडे उतरले होते. सुकरीनं हे ऐकलं आणि हात जोडले. "लहानू भाऊजीनं वाचवलं तुमाले. जाता जाता."

"भाऊ मेला म्हनून नवा फोटो नाई निघाला," सुकलू म्हणाला. "माही चूक झाली म्हनून निघाला. चुकीले देव नको करू तू."

"तुमाले तं कोनाचं कौतुकच नाई."

"त्या बाईचं आहे. तिनं दोन दिसांचं काम एका दिसात केलं."

शुक्रवारी सकाळी आठला तो टेबलावर होता. मास्क चढला. हवा कुठेच नव्हती. त्यानं हनुवटी वळवून पाहिली, वळली नाही. मशीननं फोटो घेतला, टेबल सरकलं, पुन्हा फोटो घेतला. डॉक्टरबाई स्पीकरवरून म्हणाल्या, "शून्य पूर्णांक तीन. सुरू करते. अडतीस मिनिटं लागतील."

अडतीस मिनिटं न हलणं हे काम आहे. लोकांना वाटतं, पडून राहायला काय लागतं. सुकलूला पहिल्या पाच मिनिटांत कळलं की दिवसभर करवत ओढणं याहून हलकं आहे. नाक खाजलं. मग पाठीत कळ आली. तोंडात थुंकी जमली, ती त्यानं घोटाघोटानं, मान न ओढता गिळली. मशीन त्याच्या डाव्या अंगाला गेली, घरघरली, थांबली. टेबल फिरलं. मशीन वरून आली. काही दिसत नव्हतं, काही भाजत नव्हतं. तो श्वास मोजू लागला. शंभर झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटायचं, फक्त बोट. पाचवं बोट मिटल्यावर थोड्याच वेळात खटके उघडल्याचा आवाज आला.

"झालं," नबील म्हणाला. "मधे दोनदा थांबून फोटो घेतला, भाऊ. एकदाही हलला नाहीत."

"पगार कोन देईन?" सुकलू म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उमटले होते.

हात दुसऱ्या दिवशी सुधारला नाही. आठव्या दिवशीही नाही. डॉक्टरबाईंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. सूज उतरायला वेळ लागेल, सुजेच्या गोळ्या हळूहळू कमी करायच्या, एकदम बंद नाही. गोळ्यांनी भूक इतकी लागे, की सुकरी भात वाढता वाढता म्हणे, "गाठ जाईन का नाई मालूम नाई, कोठी मात्र रिकामी होईन." दीपालीनं शिकवल्याप्रमाणे तो रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास ओल्या मातीचा गोळा उजव्या हातानं दाबत बसे. कंटाळा आला म्हणून एकही दिवस चुकवला नाही. पाचव्या आठवड्यात अंगठा हलला. सातव्यात त्यानं भाताचा घास बोटांनी उचलला. अर्धा सांडला. सुकरीनं ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि अजून भात वाढला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा एमआरआय झाला. मागची गाठ शोधावी लागली. हाताजवळची पाच मिलिमीटरवर आली होती.

"गेली असं मी म्हणत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आटली आहे. नवीन कुठे काही नाही. शरीरातल्या रोगाचं औषध चालू ठेवायचं, आणि दर तीन महिन्यांनी फोटो. एकही चुकवायचा नाही."

"नाई चुकवत. तारीख सांगा."

तारीख दीपालीनं मोबाइलमध्ये घातली. सुकलूनं ती घरी आल्यावर ओट्यावरच्या भिंतीवर खडूनं लिहिली. उजव्या हातानं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचा श्रावण खांद्यावर लाकूड घेऊन आला. वखर करून हवा होता. पेरणी तोंडावर होती.

"जमन का, सुकलूभाऊ? नाई तं मी पोंभुर्ण्याले नेतो."

"जमन."

"कधी देशीन?"

"आंधी दोन दिसांत देत होतो. आता चार लागतीन."

"चार? मानूस बरा झाला म्हनून आलो मी."

"बाराआणे झाला. त्याचेच चार दिवस आहेत. हात दोन तास चालते, मंग अर्धा तास बसा लागते. दोन दिसांत पाह्यजे असन तं पोंभुर्ण्याले ने."

श्रावणनं लाकडाकडे पाहिलं, सुकलूच्या डोक्याकडे पाहिलं. केस आता बोटभर वाढले होते, सगळे पांढरे. तो ओट्याच्या कडेला बसला.

"बसून काऊन राह्यला?"

"पाहतो थोडं. कसं चालते हात."

"लाकूड ठेव अन् जा. तू पाहत राह्यला तं हात लाजते."

श्रावणनं लाकूड ओट्याला टेकवलं आणि गेला. चौथ्या दिवशी दुपारी वखर तयार होता.